पेंढ्यातून आलेला कॉम्प्युटर

आमच्या गल्लीत कुठलीही वस्तू बिघडली की ती बाबांच्या पुढ्यात येऊन बसायची. आमचा मिक्सर, शेजारणीची इस्त्री, वाण्याचा वजनकाटा, कुणाकुणाचे पंखे. बाबा रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते, फिटर. पंप बंद पडला, व्हॉल्व्ह गळायला लागला की शिफ्ट कुठलीही असो, त्यांना बोलावणं जायचं. ते खाली वाकून नट सोडवत असायचे आणि मागे साहेब उभा. साहेबाचा प्रश्न ठरलेला, "किती वेळ लागेल?" आणि बाबांचं उत्तरही ठरलेलं, "उघडल्याशिवाय काय सांगता येणार नाय, साहेब." हे घरी येऊन त्यांनी इतक्यांदा करून दाखवलं होतं, की पुढे पुढे आई भाकरी थापता थापता साहेबाचं वाक्य म्हणायची आणि बाबा आपलं म्हणायचे. दोघं मग हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. मी पेणला कॉलेजात होते. रोह्याहून एसटीने जायचं, दुपारी कॉम्प्युटर क्लास करायचा आणि संध्याकाळी परत. क्लासमध्ये शिकवायचे ते पत्रं टाइप करणं आणि कोष्टकं भरणं. पण शनिवारी क्लास सुटला की सर एका कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावू द्यायचे, आणि त्यात मला हरवणारा त्या क्लासात कुणी नव्हता. फुशारकी नाही मारत. खरंच नव्हता. वळणावर ब्रेक न मारता गाडी कशी काढायची ते मला कुणी शिकवलं नव्हतं, ते बोटांनाच कळत होतं. शनिवारची परतीची एसटी गडबच्या फाट्यावर थांबली की खिडकीतून भातशेती दिसायची, आणि मला तिच्यातून जाणारा रस्ता दिसायचा, गेममधला.

म्हणून जेव्हा बाबा एक दिवस जेवताना म्हणाले की बोनस आला की घरात कॉम्प्युटर घेऊ, तेव्हा मी ताटावरून उठून नाचले. आणि दुसऱ्याच आठवड्यात आमचं भांडण जुंपलं.

त्या काळी कॉम्प्युटर घेणाऱ्या प्रत्येक घरात हे भांडण झालं असणार. ब्रँडेड की असेम्बल्ड? ब्रँडेड म्हणजे कंपनीचा तयार, खोक्यात सीलबंद. असेम्बल्ड म्हणजे एकेक भाग आणून आपण जोडायचा. बाबा पनवेलच्या एका दुकानात जाऊन तयार कॉम्प्युटर बघून आले होते आणि त्याच्या प्रेमातच पडले होते. त्याच्या मागच्या बाजूला चंदेरी स्टिकर होता. तो फाटला की गॅरंटी गेली. बिघडला तर आपण काही करायचं नाही, नुसता फोन करायचा.

"इंजिनीयर घरी येतो," बाबा म्हणाले. "घरी. आपल्या घरी."

मी म्हटलं, त्यात साऊंड कार्ड नाही, चांगलं ग्राफिक्स कार्ड नाही. ऑफिसात पत्रं लिहायला तो ठीक आहे, पण गेम त्याच्यावर रखडत चालेल. आणि नंतर कार्ड टाकायचं म्हटलं तर तुमचा तो स्टिकर आडवा येणार. त्यापेक्षा मी जोडते. क्लासमधले कॉम्प्युटर मी सरांच्या बरोबरीने किती वेळा उघडलेत.

"तू जोडशील. आणि बिघडला की?"

"तुम्ही आहात की!"

मला वाटलं होतं, हे ऐकून बाबा खूश होतील. ते जेवायचे थांबले. रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसला. म्हणाले, "बाय, जल्मभर लोकांनी बोलावलं की मी जातो. पंप बोलावतो, पंखा बोलावतो. घरात एक तरी वस्तू अशी हवी, जी बिघडली की मी हातावर हात ठेवून बसंन आन दुसऱ्याला हाक मारंन. येवढंच हाय माझं. दुसरं काय नाय."

मला वाईट वाटलं, आणि गेमही हवाच होता. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. चार दिवस मी तोंड फुगवून हिंडले.

कोंडी फोडली आईने. आईचं माहेर हमरापूरचं. मामाचा गणपतीचा कारखाना होता, म्हणजे घराला लागून पत्र्याची लांबलचक शेड. वर्षभर तिथे मूर्ती घडायच्या. काही रंगवून जायच्या, काही पांढऱ्या कच्च्याच जायच्या आणि घेणारे आपापल्या गावी नेऊन रंगवायचे. आई बाबांना म्हणाली, "आमच्याकडं बघा. तयार मूर्ती नेणारा माणूस हजार खोड्या काढतो. डोळा बारीक हाय, पितांबर फिका हाय. आन कच्ची नेऊन जो घरी रंगवतो ना, त्याच्या गणपतीची सोंड वाकडी झाली तरी त्याला ती सरळच दिसते. पोरीला जोडू द्या. रखडला तरी तिला पळतानाच दिसंल."

मला हा पाठिंबा होता की टोमणा, ते आजही सांगता येणार नाही. पण बाबा हसले, आणि हसले म्हणजे अर्धे तयार झाले. त्यांनी अट घातली. "जोड. पण मी एका स्क्रूला हात लावणार नाय. आज नाय, उद्या नाय. गणपतीपर्यंत चालू झाला तर झाला, नायतर सगळं परत आन सीलबंद खोका घरात." मी ती धमकी समजले आणि हो म्हटलं.

श्रावणात बोनस हातात आला आणि मामाचा टेम्पो मूर्ती घेऊन मुंबईला निघाला, त्यात मी बसले. मूर्ती उतरवल्या की रिकामा टेम्पो परत येतो, त्यात कॉम्प्युटर येईल, असा बेत. लॅमिंग्टन रोडवर मी क्लासच्या सरांना विचारून ठरवलेलं एकेक सामान घेत होते आणि मामा प्रत्येक वस्तू हातात घेऊन वजन बघत होता. कॅबिनेट त्याने टिचकी मारून वाजवलं, आपल्या मूर्ती वाजवतो तसं. "पोकळ हाय," तो दुकानदाराला म्हणाला. दुकानदाराने मोठ्या मनाने ऐकून घेतलं. मदरबोर्ड, रॅम, दोन्ही कार्डं त्याने चकचकीत पिशव्यांत घालून दिली आणि मला बजावलं, जोडायच्या वेळेपर्यंत पिशवीतून काढू नका. मामा तेव्हा बाहेर मॉनिटर चढवत होता. त्याने ते ऐकलं नाही, आणि त्याला ते सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

परत येताना पाऊस लागला म्हणून रात्री हमरापूरलाच राहिलो. सकाळी उठून शेडमध्ये गेले तर मामा मन लावून कामात. त्याने माझ्या सगळ्या पिशव्या फोडल्या होत्या. एकेक भाग वर्तमानपत्रात सैलसर गुंडाळून, मूर्तींच्या पेट्यांत, भाताच्या पेंढ्यात बसवला होता. वरून तोंड उघडं.

"मामा, हे काय केलंस!"

"काय केलं? गो, श्रावण हाय. प्लॅस्टिकमंधी कोंडून ठेवलंस तर घाम येतो. रंग फुगतो."

"त्याला रंग नाहीये!"

"रंग नसंल, पण घाम येतोच," मामा शांतपणे म्हणाला आणि पेंढ्याची आणखी एक जुडी सोडवून रॅमच्या बाजूने दाबून बसवली. मला रडूच यायचं बाकी होतं. पण त्याच्याशी वाद काय घालणार? आयुष्यभर नाजूक वस्तू खड्ड्यांच्या रस्त्यावरून सुखरूप पाठवण्यातच त्याचं नाव होतं. आणि खोटं कशाला बोलू, पेण ते नागोठणे आणि तिथून आत रोह्यापर्यंत तो टेम्पो असा उडत आला की माझी कंबर दुखली, पण काचेला किंवा बोर्डाला साधा ओरखडाही आला नाही.

बाबांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी जोडायला घेतलं. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली. बाबांनी खुर्ची भिंतीला लावली आणि हात पाठीमागे बांधून बसले. त्यांचे हात पाठीमागे होते, पण पायाचा अंगठा सारखा हलत होता. मी स्क्रू उलटा धरला की त्यांच्या घशातून आवाज यायचा. मी वर बघितलं की ते खिडकीबाहेर बघायचे. मदरबोर्ड बसवला, प्रोसेसर बसवला, रॅम, कार्डं, वायरी. प्रत्येक वस्तूबरोबर थोडा पेंढा निघत होता. दुपारपर्यंत सतरंजीवर एका म्हशीची वैरण जमली. मॉनिटर जोडला, आईने हळदकुंकू लावलं, आणि मी बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळाच. आणि कॅबिनेटच्या पोटातून आवाज यायला लागला, लांब, रडका, थांबून थांबून. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. वायरी काढून घातल्या, तरी तेच. डोळ्यांपुढे चंदेरी स्टिकर आला. मी बाबांकडे बघितलं, म्हणजे नुसतं बघितलं नाही, विनवणीने बघितलं.

ते खुर्चीच्या कडेला आले होते. यंत्राचा असा आवाज ऐकून गप्प बसणं त्यांना किती जड जात असेल, ते मला त्या क्षणीही दिसत होतं. त्यांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा कोपऱ्यातल्या आपल्या हत्यारांच्या पेटीकडे. मग परत टेकून बसले. "नाय," ते म्हणाले. "मी हात लावणार नाय. तुझं हाय ते. तू बघ."

मला राग आला. खूप राग आला, आणि त्या रागाने माझं रडू पळालं. क्लासमध्ये सरांनी सांगितलं होतं की हा असा आवाज बहुधा रॅम नीट बसली नसली की येतो. मी वायर काढली, रॅम उपसली आणि कॅबिनेट उजेडाकडे वळवून मदरबोर्डवरची तिची खाच बघितली. खाचेच्या तळाशी, अगदी मधोमध, सोनेरी रंगाची एक काडी आडवी पडलेली होती. हमरापूरचा पेंढा!

"आई, मामाला सांग, त्याच्या गणपतीने इथे पण बैठक मारलीय!"

बोटं आत जात नव्हती. आई उठली आणि कपाटातून तिचा ब्रश घेऊन आली. लग्नाआधी कारखान्यात ती मूर्तींचे डोळे आखायची, त्यातला हा एक, टोकाला मोजके केस राहिलेले. इतक्या वर्षांत तिने तो कशालाही वापरला नव्हता. तिने मला दिला आणि ती बाजूला बसली. मी ती काडी काढली, मग एकेक खाच झाडून घेतली, रॅम दोन्ही बाजूंनी टक् वाजेपर्यंत दाबली. बटण दाबलं. एकच छोटा आवाज आला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकायला लागली.

मी ओरडले. आईने कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली, माझी नाही, कॉम्प्युटरची. बाबा उठून जवळ आले, पण हात अजूनही पाठीमागेच. वाकून सगळं बघून घेतलं आणि म्हणाले, "बरा दिसतोय." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

गणपतीत घरी येणारा प्रत्येक जण आधी मखराच्या पाया पडायचा आणि मग गाड्यांची शर्यत बघायला बसायचा. बाबांनाही गेमचं वेड लागलं, पण त्यांची तऱ्हा निराळी. ते शर्यत लावत नसत. सगळ्या गाड्या पुढे जाऊ द्यायचे आणि मग रिकाम्या रस्त्यावरून सावकाश गाडी हाकत राहायचे, उगाच, डोंगर बघत. मला ते बघून हसू यायचं, आणि फार बरंही वाटायचं.

मग दिवाळीच्या आधी एका दुपारी मी गल्लीतल्याच एका मैत्रिणीकडे गेले असताना कॉम्प्युटर बंद पडला. बाबा पहिल्या शिफ्टवरून येऊन नुकते खेळायला बसले होते. शेजारचे काका तिथे होते. त्यांनी नंतर मला सांगितलं की त्यांनी बाबांना म्हटलं, अहो तुम्ही एवढे फिटर, उघडा की. स्क्रूड्रायव्हर तर बाबांच्या खिशातच होता. बाबा म्हणाले, "नाय. याचा माणूस वेगळा हाय." आणि दारात येऊन त्यांनी मला हाक मारली. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी, मोठी, खुशीतली हाक. मी घाबरून धावत आले.

आले तर बाबा खुर्चीत रेलून बसलेले. पायावर पाय, हातात चहाची बशी. मी खाली बसून कॅबिनेटचे स्क्रू सोडवायला लागले. माझ्या मागून बाबांचा आवाज आला, अगदी साहेबासारखा, "किती वेळ लागेल?"

मी मागे वळले नाही. म्हटलं, "उघडल्याशिवाय काय सांगता येणार नाय, साहेब."

बाबा असे हसले की बशीतला सगळा चहा लेंग्यावर सांडला. आई आतून विचारत होती काय झालं, काय झालं, आणि त्यांना हसण्यापायी सांगता येत नव्हतं.