अळणी फोटो

माझ्या आईनं उभ्या आयुष्यात नळ मोकळा सोडला तो एकदाच, आणि तोही पाचोडच्या एका म्हातारीच्या नवऱ्यासाठी. त्या म्हाताऱ्याला आईनं कधी पाहिलंही नव्हतं. तो तेव्हा जिवंतही नव्हता. आणि आम्हा दोघींच्या अतिशहाणपणामुळं तो कागदावरूनही पुसला जात होता.

दोघी म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. आम्ही अकरावीत होतो. तिच्या अब्बांचा औरंगाबादेत छोटासा फोटो स्टुडिओ होता. रंगीत फोटोंचे दिवस आले तसे अब्बा काळ्यापांढऱ्या फोटोंचं जुनं यंत्र, एन्लार्जर, विकायला निघाले. जालन्याचं गिऱ्हाईकही ठरलं. आम्ही हटून बसलो, की ते आम्हीच घेणार, आणि त्याच्यावर फोटो छापून, विकूनच पैसे उभे करणार. अब्बा हसले. "रमजान तक पैसे लाओ, फिर तुम्हारा," म्हणाले. पोरी आठवड्यात थकतील, असं त्यांना वाटलं असणार.

स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीसाठी मी काहीही केलं असतं. लाल दिवा, आंबट वास, आणि ट्रेमधल्या औषधाच्या पाण्यात तरंगणारा कोरा कागद. त्यावर आधी एखादी भुवई यायची, मग डोळा, मग हळूहळू सगळा माणूस. बाहेर आलं की ऊनच खोटं वाटायचं. रस्त्यावरची माणसं अजून पुरती उमटलेली नाहीत, थोडं थांबलं तर नीट दिसतील, असं वाटत राहायचं. मला अजूनही कधी कधी तसं वाटतं, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

पाचोडला माझ्या मामाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. बाजारच्या दिवशी त्याच्या दारात दोरी बांधून आम्ही चिमट्यांनी फोटो लावले. सगळे औरंगाबादच्या मकबऱ्याचे. धुक्यातला मकबरा, पाण्यात पडलेला मकबरा. हातोहात खपतील, असा आमचा तोरा. दुपारपर्यंत एकही खपला नाही. शेवटी एक शेतकरी बराच वेळ बघून म्हणाला, "मकबरा लई बघितला, पोरींनो. माझ्या बैलाचा हाय का?"

तिथून आमचा धंदा चालला. या बाजाराला फोटो काढायचे, पुढच्या बाजाराला छापून द्यायचे. बैल, शेळ्या, नवी सायकल, नवी सून. एक कोथिंबीर विकणारी म्हातारी नवऱ्याला घेऊन आली. "तुम्ही पण बसा की," मैत्रीण म्हणाली. "माझा कशाला? मला कुठं माझ्याकडं बघायचंय? त्यांचा काढा," ती म्हणाली. म्हाताऱ्यानं मामाकडून दुरुस्तीला आलेलं कुणाचं तरी घड्याळ मागून घेतलं, मनगटावर बांधलं आणि हात पुढं धरून बसला. "हालू नका," मी म्हटलं, तर त्यानं श्वासही रोखला.

फिल्म अब्बा स्वतः धूत. कागदावरचे फोटो धुवायचं काम आमचं, आणि ते आमच्या घरी, पुंडलिकनगरला. अब्बांनी बजावलं होतं, "कागज कू बहता पानी होना, पूरा एक घंटा. पानी में कंजूसी नक्को करो." आम्ही माना डोलावल्या. पण आमच्या नळाला चार दिवसांआड पाणी, तेही तासभर. तांदूळ धुतलेलं पाणी जास्वंदीला घालणाऱ्या घरात मी वाढले होते. तासभर पाणी वाहू देणं मला चोरीइतकं वाईट वाटे. म्हणून सगळे फोटो एकाच बादलीत तीनदा बुडवून काढायचे आणि ते पाणी जास्वंदीला ओतायचं. पाणी वाचवल्याचा अभिमान होता आम्हाला. जास्वंद पिवळी पडली तरी डोळे उघडले नाहीत.

रमजानच्या आधी पैसे जमले. अब्बांनी शब्द पाळला, यंत्र आमचं झालं. आम्ही हवेत होतो.

वर्षभरानं मामा त्या म्हातारीला घेऊन दारात उभा राहिला. तिनं खणात गुंडाळलेला फोटो काढला. पटका पिवळा पडला होता, गालाच्या जागी नुसता डाग होता. घड्याळ मात्र लख्ख. म्हातारा थंडीत वारला होता आणि त्याचा दुसरा फोटो कुठंच नव्हता.

"मालक गेले ते गेले," ती म्हणाली, "आता फोटूतूनबी चाललेत. मी रोज उदबत्ती लावते, माय. त्या धुरानं झालं व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक आमची, आणि ही बाई स्वतःला दोष देत होती.

आम्ही फोटो स्टुडिओत नेला. अब्बांनी त्याचा कोपरा जिभेला लावला. "मीठा है," ते म्हणाले. फोटो पक्का करायला जो हायपो वापरतात, तो चवीला गोडसर. धुतला गेला नाही तर कागदात मुरून राहतो आणि चित्र खातो. फिल्म तो पीत नाही, म्हणून बिस्किटाच्या डब्यातली आमची निगेटिव्ह शाबूत होती. "सबके फिर से छापो, फुकट," अब्बा म्हणाले. "पहले उस अम्मा का."

म्हातारी रात्री आमच्याकडंच राहिली, आणि आम्ही रात्रीतच तिचा फोटो नव्यानं छापला. सकाळी पाण्याची पाळी होती. आईनं हंडे, कळशा ओळीनं लावल्या होत्या, आणि मी नव्या फोटोचा ट्रे घेऊन उभी. आईला कसंबसं सगळं खरं सांगितलं. आता तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होणार म्हणून मान खाली घातली. तिनं हंडा पायानं बाजूला सारला आणि ट्रे नळाखाली ठेवला.

"आई, चार दिवस पाणी नाही मग."

"गप बस."

तासभर पाणी ट्रेमधून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर गेलं. भिंतीवरून शेजारीण बघत होती, आईनं तिच्याकडं पाहिलं नाही. म्हातारी ट्रेजवळ उकिडवी बसली होती. पाण्याखाली तिचा नवरा हलत होता, हसल्यासारखा, काही सांगत असल्यासारखा. ती त्याला हळूच म्हणाली, "हालू नका."

मग नळ आपोआप गेला. आईनं फोटो उचलला, निथळू दिला, आणि आमटीची चव बघावी तसा त्याचा कोपरा जिभेला लावला.

"अळणी आहे," आई तिला म्हणाली. "आता नाही जायचे ते. घेऊन जा."