वळणावरचा माणूस

हे माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. तो बाहेरच्या खोलीत टीव्ही बघतो आहे, आणि मी आतल्या टेबलावर काहीतरी लिहिते आहे हे त्याला दिसतं आहे. विचारलं तर काहीतरी सांगेन. थाप मारायला मला जमतं — ते आज तुम्हाला कळेलच.

आधी मोटारसायकलचं सांगते, कारण ते सोपं आहे. अठराव्या वर्षी भावाची गाडी तो गावाला गेलेला असताना मी बडोद्यातल्या घडियाळी पोळीतून, म्हणजे आमच्या गल्लीतून, बाहेर काढली. पोळीच्या तोंडाशी बंद पडली. दुकानातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली, एक बाई वरच्या गॅलरीतून ओरडली, "अरे, मराठानी छोकरी फटफटी चलावे छे!" मी किक मारत राहिले. घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "पाय टेकतात ना जमिनीला? मग चालव." तिशीत नंदेसरीला केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागले. कंपनीची बस कुणासाठी थांबत नसे, मुलीला ताप असो नाहीतर नसो. मग मी स्वतःची गाडी घेतली — गिअरची. लॅबमध्ये एका खुंटीला एप्रन, दुसऱ्या खुंटीला हेल्मेट. आता छप्पन्न पूर्ण झाली. उजवा गुडघा थंडीत कुरकुरतो. लोक विचारतात, या वयात? मी म्हणते, मग कोणत्या वयात?

हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं मी चारचौघांत सांगते, हसतहसत. मग अडतं कुठे? अडतं पुढे.

आमचा एक ग्रुप आहे. दर रविवारी पहाटे अकोट्याच्या पुलापाशी जमायचं आणि शंभरेक किलोमीटर जाऊन यायचं. ग्रुपचा पुढारी जिग्नेश — माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, गाडी उत्तम, जीभ त्याहून उत्तम. आणि सगळ्यात मागे मोहितेकाका. साताऱ्याकडचे, रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले ते इथलेच झाले. आयुष्यभर इंजिन चालवलं. ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट प्रत्येक सिग्नल मोठ्याने म्हणून दाखवतात, ती सवय त्यांना इतकी लागली होती की निवृत्तीनंतर घेतलेल्या मोटारसायकलवरही, चौकातल्या दिव्यापाशी, हेल्मेटच्या आत ते एकटेच म्हणायचे — "लाल." मग "हिरवा." मग निघायचे. जिग्नेश त्यांची नक्कल करायचा. काका म्हणायचे, "हस बेटा हस. पण मी नोकरीत एकही सिग्नल चुकवलेला नाही. तू आज सकाळपासून दोन चुकवलेस."

सत्तरीचा माणूस. पण शनिवारी रात्री, म्हणायचे, झोप येत नाही गं, लहान मुलासारखं होतं.

आता आमचा नियम. ग्रुपमध्ये सगळे एकमेकांना दिसत राहत नाहीत, लांब लांब होतात. म्हणून जिथे रस्ता फुटतो तिथे पुढाऱ्याच्या मागच्याने थांबायचं. त्याला आम्ही म्हणतो वळणावरचा माणूस. त्याने येणाऱ्या प्रत्येकाला हाताने दिशा दाखवायची, आणि शेवटचा माणूस दिसेपर्यंत जागा सोडायची नाही. मागून येणाऱ्यांचा नियम त्याहून सोपा — वळणावर कुणी उभं असेल तर तो दाखवेल तिकडे जायचं. कुणी उभं नसेल तर सरळ.

कुणी उभं नसेल तर सरळ. एवढं लक्षात ठेवा.

नऊ-दहा वर्षांपूर्वीचा तो रविवार. आम्ही जांबुघोड्याच्या बाजूला चाललो होतो. पहिल्या चहाला मी जरा लंगडत उतरले, आणि जिग्नेश सगळ्यांसमोर म्हणाला, "रोहिणीबेन, हवे तो स्कूटर लई लो! घूंटणने आराम मळशे." गुडघ्याला आराम म्हणे. सगळे हसले. मीही हसले — सगळ्यांत मोठ्याने. तुम्ही कधी असं हसला आहात का? आतून दात आवळून?

त्यानंतर मी मुद्दाम जिग्नेशच्या मागोमाग राहिले. त्यामुळे पुढचा फाटा आला तेव्हा थांबायची पाळी माझी आली. डावीकडे टेकड्यांतून जाणारा वळणावळणाचा रस्ता, सरळ एक साधा रस्ता. जिग्नेश डावीकडे गेला. मी थांबले, हात करत राहिले. एकामागून एक सगळे गेले. राहिले एकटे काका.

ते येईनात. मी इंजिन बंद केलं. पुढच्या गाड्यांचा आवाज टेकड्यांमध्ये विरत गेला. मी किती वेळ थांबले? घड्याळ पाहिलं नाही. पण पुरेसं थांबले नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. डोक्यात एकच — मी शेवटून दुसरी पोचणार, आणि जिग्नेश पुन्हा स्कूटरचं काढणार. काकांना रस्ता माहीत असेल, असं मी ठरवून टाकलं. माहीत आहे का, असं मी त्यांना कधी विचारलं होतं? नाही. मी किक मारली आणि निघाले.

आणि ती वळणं मी सुंदर घेतली. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. दोघांना मागे टाकलं.

पुढच्या टपरीवर सगळे बसले होते. चहा आला, संपला. काका नाहीत. फोन लागत नव्हता. जिग्नेशने विचारलं, "पेला टर्निंग पर कोण हतुं?"

मी म्हटलं, मी होते.

"काका देखाया हता ने? पछी ज नीकळ्या ने तमे?"

इथे एक शब्द पुरला असता. नाही — एवढाच. मी म्हणाले, "हो. दिसले म्हणूनच निघाले. जवळ आले होते, डावीकडे हात दाखवला आणि पुढे झाले."

आता या थापेचा अर्थ काय होतो बघा. काका डावीकडे वळले, म्हणजे ते फाटा आणि टपरी यांच्या मधेच कुठेतरी असणार. म्हणून सगळे त्याच रस्त्यावर उलटे गेले. प्रत्येक वळणावर थांबून खाली दरीत डोकावत होते, हाका मारत होते. एकजण झुडपं धरत खाली उतरला. मीही त्यांच्याबरोबर डोकावत होते. "काका! ओ काका!" — माझा आवाज सगळ्यांत मोठा.

मला माहीत होतं ते तिथे नाहीत. फाट्यावर कुणी उभं नव्हतं, आणि मोहितेकाका नियम मोडणारे नव्हते. ते सरळ गेले असणार. हे मला पहिल्या हाकेपासून माहीत होतं, आणि तरी मी हाका मारत राहिले. थाप एकदा मारली होती. पण ही शोधाशोध — यात मी दर मिनिटाला ती नव्याने मारत होते. भ्याले होते का? हो. पण भीती नेमकी कसली? काकांना काही झालं असेल याची? की जिग्नेश काय म्हणेल याची?

आम्ही शोधत शोधत फाट्यापर्यंत पोचलो तेव्हा मी म्हटलं, "चुकून सरळ गेले असतील का?" चुकून — हा शब्द माझा.

ते सरळच गेले होते. त्या रस्त्याचं काम चाललं होतं, खडी पसरून ठेवलेली. गाडी घसरून पायावर पडली होती. आसपास कुणी नव्हतं. आम्ही पोचायच्या थोडं आधी शेतावरून परतणाऱ्या दोन माणसांनी ती उचलली, तोपर्यंत ते तसेच होते. नडगी मोडली होती. आणि पोटरी तापलेल्या सायलेन्सरला टेकून राहिली होती. पाय जुळून आला. भाजल्याचा डाग अजून आहे. ती जखम किती खोल गेली, हे आम्ही कुठे आणि किती वेळ शोधत होतो यावर ठरलं. म्हणजे माझ्यावर.

बडोद्याच्या दवाखान्यात त्यांचा मुलगा संजय आला. जिग्नेशने त्याला सगळं सांगितलं — मी सांगितलेलं. काका पलंगावर ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"रोहिणी, तू होतीस तिथे?"

"होते काका."

"माझी चेन सैल झाली होती, म्हणून मागे राहिलो. पण फाटा तर मी बघितला. मोकळा होता."

"मी हात केला काका. तुमचं लक्ष नसेल."

संजय हळूच म्हणाला, "बाबा, होतं असं. वय झालं." आणि काकांनी मान हलवली. वाद घातला नाही. माझ्यासारखी खोटं बोलेल असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. मग उरलं काय? त्यांचे डोळे. त्यांचं डोकं.

डोळे तपासले. सत्तरीत सगळ्यांना असतो तेवढा मोतीबिंदू निघाला, घरच्यांना तेवढं पुरलं. मग मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं — त्यांनी वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. काकांनी सगळं बरोबर सांगितलं. तरी घरात गॅसचं बटण त्यांच्यामागून कुणीतरी जाऊन बघायला लागलं. नातीला शाळेतून आणायचं त्यांचं काम बंद झालं.

पाय बरा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही. संजयही म्हणाला, थोडी थोडी चालवा, इथल्या इथे. काकाच नाही म्हणाले. मला बोलावून घेतलं आणि समोर बसवून सांगितलं. "बाकीच्यांना नाही कळायचं, तुला कळेल. आमच्यात सिग्नल चुकवला की माणूस इंजिनवरून उतरतो. मग चौकशी, मग तपासणी. पण मनात त्याला माहीत असतं. तू सिग्नल होतीस. धडधडीत उभी होतीस, आणि मला दिसली नाहीस. उद्या समोर एखादं पोर असेल." मग किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, विकवत नाही. वळणावर उभं राहणाऱ्याकडे असू दे.

मी घेतली. 'नको' म्हणायचं नाटक एकदा केलं आणि घेतली. आज जी गाडी चालवते ती तीच. चांगली गाडी आहे. मला आवडते.

सांगायच्या संधी आल्या नाहीत असं कसं म्हणू? मी दर महिन्याला त्यांच्याकडे जाते. कधी चिवडा नेते, कधी औषधं. लोक म्हणतात, सख्खी मुलगी करणार नाही इतकं करते. मी ऐकून घेते. आणि ते आज ऐंशीला टेकले आहेत, त्यांची बुद्धी इतकी लख्ख आहे की कधी कधी मला ती सहन होत नाही. मागच्या पंतप्रधानांची भाषणं, गाड्यांची वेळापत्रकं, माझ्या मुलीच्या लग्नातला मेनू — सगळं जागच्या जागी. एवढी वर्षं त्यांना गाडी सहज चालवता आली असती. शनिवारी रात्री झोप न येण्याची एवढी वर्षं.

मागच्या महिन्यात गेले होते. संजयची बायको चहा ठेवून आत गेली. काका म्हणाले, एक विचारू का? हसू नकोस. मी तो फाटा अजून मनात बघतो. सगळा दिसतो मला. हातपंप होता, त्याच्या कठड्याला बकरी बांधली होती. दगडावर पांढरा रंग दिलेला. एका झाडाला सायकलचं टायर अडकवलेलं. एवढं सगळं दिसतं गं, मग तूच कशी नाही दिसत? तू नेमकी कुठे उभी होतीस, सांगशील? मला तुला तिथे बघायचंय एकदा. म्हणजे कळेल तरी, की नजर कुठून निसटली.

हातपंप होता. बकरीही होती. तिला बघतच मी कंटाळले होते.

मी कप खाली ठेवला. म्हणाले, "हातपंपाच्या अलीकडे काका. दगडापाशी. माझं लाल जाकीट होतं."

त्यांनी डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. ते खरोखर शोधत होते — पंपापासून दगडापर्यंत, दगडापासून पंपापर्यंत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले. थांबवलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांचा चेहरा सैल झाला.

"हां," ते म्हणाले. "लाल जाकीट. दिसतेय. आता जरा दिसतेय बघ."

मी तिथे नव्हते. दगडापाशी कुणीही नव्हतं. त्यांनी फाटा मोकळा पाहिला, तो मोकळाच होता, आणि नियमाप्रमाणे ते सरळ गेले.