नातेवाईकाचा नंबर

ऑफिसात तिला सगळे फौजदारीण म्हणत आणि तिला ते मनापासून आवडायचं. काम होतं एका हॉस्पिटलची जावा या संगणकभाषेत लिहिलेली वेबसाइट सांभाळायचं. फॉर्म भरून बाहेरून येणारी प्रत्येक विनंती आधी तिच्या कोडसमोर उभी राही: नाव रिकामं नाही ना, तारीख उलटून गेलेली नाही ना, फोनच्या जागी अक्षरं तर नाहीत?

"अगं, ब्राउझर तपासतोच की!" शेजारचा मित्र कुरकुरायचा.

"ब्राउझरला कोणीही गुंडाळतं. सर्व्हरवर पुन्हा तपासायचंच," ती ठणकावून सांगे. एवढी कडक बाई, पण स्वतःचा फोन मात्र दिवसभर मुका करून टेबलावर पालथा टाकलेला.

ताजी अट तिचीच होती. ऑपरेशनची तारीख घेताना रुग्णाचा आणि नातेवाईकाचा नंबर एकच असेल, तर विनंती परत. अट रास्तच होती. भूल दिलेल्या माणसालाच फोन करून काय उपयोग?

त्या दुपारी नाकारलेल्या विनंत्या चाळताना तिला हसू फुटलं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कोणीतरी सकाळपासून तीच चूक करत होतं. "हा बघ, हट्टालाच पेटलाय!" मित्रही वाकून हसला. तारखांची नोंदणी संध्याकाळी बंद होणार होती आणि या गड्याला काही केल्या दुसरा नंबर सुचत नव्हता. 'कोणीच नसेल का बिचाऱ्याला?' म्हणत तिने विनंती उघडली. नंबर तिला तोंडपाठ होता.

जिन्यात जाऊन तिने फोन लावला.

"बाबा, डोळ्याचं ऑपरेशन? मला बोलला नाहीत!"

"अगं, मोतीबिंदू तो. त्यात काय सांगायचं? पण ही वेबसाइट भलतीच खडूस आहे बघ. कोणी केलीय देव जाणे."

"मी केलीय. माझा नंबर का नाही टाकलात?"

बाबा जरा घुटमळले. "टाकणार होतो गं. पण हॉस्पिटलवाल्यांनी फोन लावला आणि तू उचलला नाहीस, तर पंचाईत. माझा फोन निदान मी उचलतो."

आवाजात राग नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझाच टाका. उचलेन मी."

"बघ हं."

विनंती पार झाली, तारीख मिळाली. अट तिने तशीच ठेवली. जागेवर येऊन फोनचा आवाज मोठा केला आणि तो उताणा ठेवला. थोड्या वेळाने तो खणखणला, तशा सगळ्यांच्या माना वळल्या.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही गं," बाबा म्हणाले. "उचलतेस का, तेवढं तपासलं."