लोझबान आणि माझा जळफळाट

आमच्या ह्यांनी नवी भाषा शिकायला घेतली तेव्हा मी पोट धरून हसले होते. हे गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेत गणित शिकवतात. घरात पोवारी, शेजारीपाजारी झाडी, गोंदियाला उतरलं की हिंदी. एवढ्या भाषा फुकटात मिळालेल्या माणसाला आणखी एक कशाला हवी? आणि तीही अशी, की जी कोणत्याच गावात बोलत नाहीत.

"लोझबान म्हणतेत तिले," हे फोनवर मुलीला सांगत होते. "लोकायनं बसून बनवली. एका वाक्याची रचना एकच निघते, दोन नाही."

"भाषा का कूलर होय बनवाले?" मीही फोनकडेच बघून म्हटलं आणि शिलाई मशीनवर बसले.

हसू टिकलं नाही. रोज दिवेलागणीला ह्यांचा फोनवर वर्ग भरायला लागला. ओसरीत खुर्ची टाकायची, फोन पाण्याच्या माठाला टेकवून ठेवायचा आणि कुठल्याकुठल्या शहरांतल्या चौघांशी बोलत बसायचं. त्यात एक बाई होती, साताऱ्याकडची. आवाज गोड. गोड म्हणजे ऐकून चीड यावी इतका. ती काही बोलली की हे हसायचे. दात दिसेपर्यंत! हे दात मी लग्नाच्या फोटोत बघितले होते, त्यानंतर आत्ताच.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बरं, भांडायचं तरी कशावरून? चोरून काही नव्हतं. सगळं ओसरीवर, मोठ्या आवाजात, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर. फक्त मला एक अक्षर कळत नव्हतं. म्हटलं, थांबा, मीही शिकते. काय बोलून राहिले हे, ते मला कळलंच पाहिजे.

दुपारी हे शाळेत असले की कानात इअरफोन घालून मी ब्लाऊज शिवता शिवता धडे ऐकायला लागले. पहिलाच शब्द निघाला 'मी'. त्याचा अर्थही मी! मला वाटलं, झालं, आठवड्यात येते ही भाषा. पण दुसऱ्याच धड्यात डोकं गरगरलं. ह्या भाषेत क्रियापदाला ठरलेल्या जागा असतात, एसटीतल्या राखीव सीटांसारख्या. 'क्लामा' म्हणजे जाणं-येणं. त्याची पहिली सीट जाणाऱ्याची, दुसरी कुठं जायचं त्या गावाची, तिसरी कुठून निघाला त्याची, चौथी वाटेची, पाचवी गाडीची. नको असेल ती सीट रिकामी सोडायची, पण एकाच्या जागी दुसऱ्याला बसवायचं नाही. मी एकदा गोंदियालाच माझ्याकडे पाठवलं.

मग ते एवढंसं 'शु'. 'लो म्लातु शु क्लामा' म्हणजे मांजर येते. मधला शु विसरला की वाक्यच होत नाही, 'मांजरछाप येणारं कोणीतरी' एवढंच हातात उरतं. मी तो शु किती वेळा खाल्ला देव जाणे. एका गिऱ्हाइणीच्या बाह्या उलट्या जोडल्या त्या ह्याच्याच पायी. पण सोडलं नाही. ती साताऱ्याची बाई शु कशी ठसक्यात म्हणते ते मी ऐकलं होतं ना!

हळूहळू संध्याकाळचं बोलणं कळायला लागलं. आणि कळलं तर काय? हिचं मांजर झोपलं. दुसऱ्या एकाला चहा आवडतो. ह्यांची गाडी जुनी आहे. हात्तिच्या! पण पोटातलं दुखणं थांबलं नाही, वाढलं. कारण एवढंही हे माझ्याशी बोलत नव्हते.

आमच्या घरात नवराबायकोनं समोरासमोर गोष्टी करायची पद्धतच नव्हती. लग्न झालं तेव्हा सासू-सासरे, दीर, सगळे एकत्र. त्यांच्यासमोर नवऱ्याशी थेट कसं बोलायचं? मुलगी झाली आणि सोय झाली. "बाबाले सांग, भात झाला." हे दोन हातांवर बसलेले असायचे, तरी तिलाच सांगायचं. हेही तसेच. "आईले विचार, माहा चष्मा कुठी ठेवला." पोर वैतागायची, "तुमी दोघं बहिरे आहा का?" पुढं सासू-सासरे गेले, दीर वेगळे झाले, पण आमची सवय काही गेली नाही. आणि यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मुलगी शिकायला नागपूरला गेली. तेव्हापासून भात झाला हे मी दाराच्या चौकटीला सांगायचे. चौकटीचं ऐकून हे उठायचे.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. जत्रेसारखी दुकानं, नाटक, घरोघरी पाहुणे. लेकीबाळी हमखास येतात. यंदा आमच्या मंडईच्या आदल्या दिवशी मुलीचा फोन आला, परीक्षा आहे, येत नाही. मी अनारसे करायला घेतले होते, ते तसेच झाकून ठेवले. ह्यांनी फोन ठेवला, माठाजवळ गेले, वर्ग सुरू केला. चीड आली मला. घरात सुतक पडल्यासारखं झालेलं, आणि ह्यांना मांजराच्या गोष्टी सुचतात!

त्या दिवशी वर्गात प्रत्येकानं एक खरं वाक्य बोलायचं होतं. ह्यांची पाळी आली.

"मी बाद्री," हे म्हणाले. मी दुःखी आहे. मग एकेक शब्द शोधत म्हणाले, "लो नु लो मी तिख्नु शु श्लिवा."

माझी मुलगी निघून गेली, ह्याचं. शुसकट, बरोबर.

"मी झिम्पे," ती बाई म्हणाली. मला समजतं.

तुला समजतं? तुला काय समजतं गं भवाने! तिला ताप आला की रात्रभर तू जागलीस का? ते 'समजतं' माझं होतं. मीच म्हणायचं होतं ते. हेव्यालाही त्या भाषेत तीन सीटा आहेत: जळणारा कोण, कोणावर, कशावरून. माझ्या तिन्ही भरलेल्या होत्या.

मी तडक ओसरीत गेले. "मी झिहा!" जवळजवळ ओरडलेच. म्हणजे, मीही. हे माझ्याकडे बघतच राहिले.

"तू कवा शिकली?"

"ते राहू द्या. ह्या परक्यायले सांगतलं. मले काऊन नाही सांगतलं?"

ह्यांनी फोन बंद केला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसत बसले.

"सांगाचं तं होतं," म्हणाले. "पन कोनाच्या हातून सांगू? तुले काही सांगाचं असलं तं पोरीलेच सांगत होतो ना आपन."

बाबा आजकाल गप्प गप्प काऊन असतात गं, हे मीही गेले कित्येक महिने नागपूरला फोन लावूनच विचारत होते. हे पलीकडच्या खोलीत असताना.

मी खुर्ची ओढली आणि ह्यांच्या समोर बसले. चौकटीकडे पाठ करून.

"सांगा," मी म्हटलं. "मी आयकून राहिली."