न्हाणीच्या भिंतीवरचा तापमापक

रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत थंडी खरोखर कमी झाली आहे का, या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी सहा हिवाळे वही लिहिली. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो, तेव्हा घरामागच्या न्हाणीच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूने, एक तापमापक खिळ्याला टांगला आणि रोज सकाळी सहा वाजता पारा पाहू लागलो. वर्षागणिक आकडे वर सरकत होते.

वडिलांना ते मान्य नव्हते. त्यांचे वय नव्वदीकडे झुकलेले. आंब्याची बाग आता मी पाहतो, पण न्हाणीतली चूल मात्र तेच पेटवत. वाळकी लाकडे, झावळ्या आणि नारळाची सोडणे जाळून हंडाभर पाणी तापवत.

"मास्तर, तुमच्या वहीत थंडी नसेल. माझ्या गुडघ्यात आहे," ते म्हणत.

"गुडघ्यावर अंश कोरलेले नसतात, बाबा."

"आणि तुझ्या त्या काचेच्या नळीला गुडघे कुठे आहेत?"

वाचनालयात हवामानबदलावर चर्चा झाली, तेव्हा मी ती वही सर्वांसमोर उघडली. घरी येऊन निर्णय सांगितला: थंडी उरलेली नाही, धुराने सगळे खोकतात, तेव्हा चूल काढून छपरावर सौर बंब बसवू. दुसऱ्या दिवशी वडिलांनी लाकडे नेहमीपेक्षा नीट रचून ठेवली.

चूल काढायला गवंडी येण्याआधी वडील चार दिवस माझ्या बहिणीकडे चिपळूणला गेले. त्या दिवसांत आम्ही उजाडल्यावर सावकाश चूल पेटवत होतो. सहाचा पारा एकदम उतरला. आभाळ तेच, वारा तोच. ते परतल्यावर दुसऱ्याच सकाळी पारा पुन्हा वर. मी भिंतीला तळहात लावला. जांभ्या दगडाचा चिरा उबदार होता.

आत वडील घोंगडी पांघरून चुलीपुढे पाटावर बसले होते.

"बाबा, चूल कधी पेटवलीत?"

"चारच्या सुमारास."

"पूर्वी तर सहानंतर पेटवायचात."

"पूर्वी झोप लागायची. आता पडवीतला गारठा सोसत नाही. दर वर्षी थोडा आधी येऊन बसतो."

"मला उठवायचं नाही?"

"कशाला? पारा बघायला?"

म्हणजे सहा वर्षे मी हवा मोजत नव्हतो. वडिलांना जितकी अधिक थंडी वाजे, तितकी चूल लवकर पेटे आणि तितका माझा पारा चढे. त्यांचा गारठा मी ऊब म्हणून वहीत लिहीत होतो.

जगाचे तापमान वाढते आहे, हे ठिकठिकाणी नीट मांडलेल्या उपकरणांनी दाखवले आहे. माझ्या चुकीच्या खिळ्याने ते खोटे ठरत नाही. त्या खिळ्याने ते सिद्धही होत नव्हते. वाचनालयात जाऊन मी तसे सांगितले.

गवंडी आला, पण त्याच्याकडून धुराडे उंच करून घेतले. वडिलांची खाट पडवीतून काढून न्हाणीच्या पलीकडच्या खोलीत, चुलीच्या भिंतीला लावली. चूल आता पहाटे मी पेटवतो. ते उजाडेपर्यंत झोपतात. तापमापक बागेच्या टोकाला, सावलीत हलवला आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही.

आपल्या घरी तापमापक असेल, तर त्याच्यामागे काय आहे ते पाहावे. घरात वडीलधारे असतील, तर त्यांना थंडी वाजते का, हेही विचारावे. केवळ मी लिहिले म्हणून मानू नये. कृपया स्वतः तपासावे.