टपावर बाबा, खाली मी

नवऱ्याने सेकंडहँड मोटरहोम घेतलं तेव्हा अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावातली मराठी मंडळी आम्हाला मनसोक्त हसली. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," असं एक काकू म्हणाल्या, आणि मला भयंकर राग आला, कारण आदल्या दिवशी मीही तेच म्हणाले होते. स्वयंपाकघर, पलंग, संडास, सगळं चाकांवर. वर टीव्हीसुद्धा! जंगलात जाऊन टीव्हीच बघायचा तर घरचा सोफा काय वाईट होता? पण आमचे हे ऐकतील तर शपथ. पहिल्याच ट्रिपला टपावरचा अँटेना खाली घ्यायचं विसरले आणि झाडाच्या फांदीने तो मोडला. मग कितीतरी दिवस ते वाकडं धूड तसंच लोंबत राहिलं.

त्या वर्षी बाबा पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. आई गेल्यानंतर. मी एकुलती एक, आणि मी वेळेवर पोचले नव्हते. तिकीट मिळून पुणं गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आईचा शेवटचा दिवस कसा गेला, ती काय बोलली, हे एकट्या बाबांना माहीत होतं, आणि बाबा तिचा विषयच काढत नव्हते. मी काढला की म्हणायचे, "चहा टाकतेस का जरा?" रडलेही नव्हते. हा माणूस आतल्या आत झुरून जाणार, अशी मला धास्ती वाटायची. आणि मलाही ऐकायचं होतं ना! माझी आई होती ती.

त्यात लेकीच्या घरी राहायचं म्हणजे बाबांना फार संकोच. फुकटचं खातोय असं वाटू नये म्हणून भांडी घासायचे, आमच्या खडीच्या अंगणातली पानं वेचत बसायचे. एक दिवस जावयाला म्हणाले, "अहो, तो अँटेना मी बदलतो. पुण्यातला आमचा मीच बसवला होता."

"बाबा, इथे त्यासाठी माणूस बोलावतात," मी म्हणाले.

"मग मी कोण आहे?" बाबा म्हणाले.

नवा अँटेना आला. हे ऑफिसला गेले आणि ऊन चढायच्या आत बाबा मागच्या शिडीने टपावर चढले. वय झालेलं, पायात कॅनव्हासचे बूट, खिशात पाना. माझा जीव खालीवर. "कडेला जाऊ नका! वाकू नका!" मी खालून कोकलत होते आणि ते ढिम्म. त्यांनी पाणी झिरपू नये म्हणून भरलेलं जुनं सीलंट पट्टीने खरवडलं, गंजलेले स्क्रू एकेक करून काढले, मोडका अँटेना दोरीने खाली सोडला, नवा बसवला, वायर जोडली, भोवती नवं सीलंट भरलं. काम बघण्यासारखं होतं, हे मान्य करायला हवं.

"आता तू आत टीव्हीसमोर बस," त्यांनी फर्मान सोडलं. पुण्यात अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे करायचं, तसं इथे टीव्हीचे मनोरे असलेल्या साउथ माउंटनकडे, एवढं त्यांनी जावयाकडून काढून घेतलं होतं. हा अँटेना आत बसल्या बसल्या छताच्या हँडलने फिरवायचा असतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. अँटेना म्हटला की एक जण वर आणि एक जण खाली, एवढंच आम्हाला माहीत.

वरून हाक आली, "अगं ए! आलं का?"

मी चमकले. मला बाबा 'बाळ' म्हणायचे. 'अगं ए' ही आईची हाक. तिला त्यांनी जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती. आत्ता आपण काय म्हणालो, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"अगं, आलं का?"

"नाही! मुंग्याच आहेत!"

"आता?"

"थोडं आलं... गेलं!"

असं किती वेळ चाललं कोण जाणे. ऊन तापलं. मधेच वर बूट घसरल्याचा आवाज झाला. खड्ड्यात गेला तो टीव्ही! मी ओरडले, "आलं, आलं! एकदम क्लिअर आलं! उतरा आता!"

बाबा सावकाश उतरून आत आले. पडद्यावर मुंग्याच मुंग्या. मी बोलणी खायला तयार होते. बाबा पडद्याकडे बघत राहिले आणि चक्क हसले.

"तुझी आईपण हेच करायची," ते म्हणाले. "मी गच्चीवर फार वेळ राहिलो की आलं म्हणून ओरडायची. चित्राचा पत्ता नसायचा."

"तुम्हाला कळायचं?"

"न कळायला काय झालं? तिला कुठे धड खोटं बोलता यायचं! आवाज चढायचा. आत्ता तुझा चढला तसा."

"मग उतरायचात कशाला?"

"अगं, ती खाली जीव मुठीत धरून उभी. चित्र काय, उद्या आलं असतं."

मी हसले. बाबांचं हसू मात्र तिथेच थांबलं. ते सीटवर बसले आणि बोटांना चिकटलेलं सीलंट खरवडू लागले.

"हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी म्हणाली, 'आज मला खूप बरं वाटतंय. तुम्ही घरी जा, अंघोळ करा, चार घास खाऊन या.' असाच आवाज चढवून म्हणाली. मला कळलं होतं गं बाळ, खोटं बोलतेय ते. तरी मी गेलो. ती म्हणेल ते ऐकायची सवय. परत आलो तर..."

मी त्यांचा हात धरला. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही उपाशी राहू नये, एवढंच तिला हवं होतं."

"जेवलो ना," बाबा म्हणाले. "ती म्हणाली म्हणून बसून नीट जेवलो. ताकभातसुद्धा खाल्ला."

आणि मग ते हमसून हमसून रडायला लागले. मी त्यांना जवळ घेतलं.