बागेतले झोपाळू डबे

वलगावजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेला पाणी कधी सोडायचं, हे लग्नानंतर दोन वर्षांतच मी सांगायला लागले. बहर धरायचा तर झाडांना ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी बंद. तो ताण तोडायचा दिवस चुकला की वर्षाची फळं गेली. मी मूठभर माती दाबायची, पानं पाहायची आणि दिवस सांगायची. माझे सासरे, आमचे मामाजी, दुसऱ्या कोणाला विचारायचे नाहीत.

मग अकोल्याहून इंजिनिअर झालेली धाकटी जाऊ घरात आली. तिने झाडांखाली सहा डबे गाडले. डबा मातीतली ओल मोजणार, विहिरीवरच्या मोठ्या डब्याला बिनतारी कळवणार आणि तिथून आकडा थेट मामाजींच्या मोबाईलवर. मामाजी चहाच्या आधी मोबाईल पाहायला लागले. मला विचारणं बंदच झालं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

डबे तासातून एकदाच उठतात, बाकी वेळ झोपतात, म्हणून बॅटरी अख्खा हंगाम पुरते, असं ती कौतुकाने सांगायची. वा रे वा! आम्ही पहाटेपासून राबायचं आणि हे झोपून हुशार. तपासणीसाठी प्रत्येक डब्याला बटण होतं, दाबलं की हिरवा दिवा लागून डबा बराच वेळ जागा राहायचा. मी जाता-येता बटणं दाबत सुटले. ऊठ मेल्या, म्हणायची. बॅटरीचं काय होईल हे मला कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

ऐन ताण तोडायच्या आठवड्यात सगळे डबे गप झाले. मामाजी तिला चारचौघांत बोलले आणि माझ्याकडे वळले, "तूच सांग बाई." मी माती दाबून दिवस सांगितला. त्या दुपारी मी दोन घास जास्तच जेवले.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तेव्हा जाऊ शेजारी येऊन बसली. बटण कितीदा दाबलं याची नोंद विहिरीवरच्या डब्यात राहते, हे तिने हळूच सांगितलं.

"मामाजीले मी सांगतलं, बॅटऱ्याच खराब निघाल्या," ती म्हणाली. "पण ताई, शेवटचे आकडे पाह्यले, तर दिवस तुमी सांगतला तोच येते. मले शिकवा ना माती पाहाले."

तिने भांडायला पाहिजे होतं, मी तयारच होते. ती माझ्यापेक्षा हुशार आहे हे मी कसंबसं गिळलं असतं. ती माझ्यापेक्षा चांगलीही निघाली, हे मला जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी तिला माती दाबायला शिकवली. माफी मात्र अजून मागितलेली नाही.